वरून चोपडलेलं ग्रीस आणि आतून झिजलेली पिन

बॅकहोच्या, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या उकरणाऱ्या हाताच्या, सांध्यांवर ग्रीसचा जाड थर दिसला की मालकाला वाटतं, मशीन चांगलं सांभाळलंय. पण पिन झिजते ती आत, बुशमध्ये. बाहेरचा थर फक्त माती धरून ठेवतो. डहाणू तालुक्यात गंजाडच्या बाजूला छोट्या ट्रॅक्टरला उन्हाळ्यात मुरूम उकरायचा असतो, चिकूच्या वाडीत खड्डे घ्यायचे असतात आणि आषाढात भातखाचरात चिखलणीला उतरायचं असतं. इथे ग्रीसला चिकटलेली रेती पॉलिशपेपरसारखी पिन खाते.

ग्रीस म्हणजे बहुतेक वेळा साबणाने घट्ट केलेलं ऑइल. हा साबण बहुधा लिथियमचा असतो. वंगणाइतकंच ग्रीसचं दुसरं काम मोठं आहे: पिन आणि बुशमधली जागा भरून पाणी-माती बाहेर ठेवणं. म्हणून ग्रीसगनने निप्पलमधूनच भरायचं, आतलं काळं ग्रीस बाहेर पडून ताजं दिसेपर्यंत. बाहेर आलेलं पुसून टाकायचं.

‘सर्व्हिसिंगला करू’ हा दुसरा गैरसमज. बॅकहोच्या सांध्यांना साधारण आठ-दहा तासांच्या कामानंतर, म्हणजे रोजच, ग्रीस लागतं. चिखलात काम झालं असेल तर त्याच संध्याकाळी मारावं; सकाळपर्यंत थांबलं तर पाणी रात्रभर सांध्यात राहून गंज धरतो.

आणि ‘ते निप्पल घेतच नाही, सोड’ हे तर सगळ्यांत महागात पडतं. जो सांधा ग्रीस घेत नाही, त्यालाच त्याची जास्त गरज असते. आधी निप्पल पुसून बघावं, आतली गोळी अडकली असेल तर बदलावं. तरीही जात नसेल तर बकेट जमिनीला टेकवावी. वजनाने पिन बुशच्या एका बाजूला दाबली जाते आणि ग्रीसची वाट बंद होते. भार हलला की ती मोकळी होते. तेवढ्यानेही भागलं नाही, तर बूमला खालून भक्कम आधार देऊन पिन काढावी आणि भोक तारेने साफ करावं.

‘जुनं मशीन, ढिलं झालंच आहे, आता ग्रीस मारून काय?’ असंही म्हणतात. ट्रॅक्टरवरचा हायड्रॉलिक बॅकहो अमेरिकेत 1948 साली फोर्ड 8एनवर बसवून विकला गेला. तेव्हापासून आजही बॅकहोचा हात वळतो तो पिन-बुशवरच, आणि पिन-बुश बदलण्यासाठीच असतात. ते कोरडे चालले तर मात्र बूमचं भोकच लांबट होतं; मग वेल्डिंग भरून पुन्हा बोअर करावं लागतं.

इंजिनमधून काढलेलं जळकं ऑइल पिनला चालत नाही. त्यात काजळी आणि धातूचा चुरा असतो. पुढच्या चाकाच्या बेअरिंगमध्ये ग्रीस ठासून भरलं तर सील उचकटतं. लिथियमच्या ग्रीसवर बेंटोनाइट मातीने घट्ट केलेलं ग्रीस मारलं तर दोन्ही पातळ होऊन गळू शकतात.

पावसाळ्यात बॅकहो उतरवून ठेवला की काळजी मिटली, असंही नाही. सिलिंडर शक्य तितके आत घ्यावेत आणि उघड्या राहिलेल्या चकचकीत रॉडला ग्रीसचा हात द्यावा. इथे वरून लावणं बरोबर आहे. काम सुरू करण्याआधी मात्र ते पुसायला हवं. हायड्रॉलिक ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय, ते बदलावंच.

हायड्रॉलिक होज पाइपची गळती बोटाने चाचपणं जिवावर बेतू शकतं. बारीक छिद्रातून दाबाने येणारं ऑइल कातडीत घुसतं. जखम सुई टोचल्याएवढीच दिसते, पण तातडीने शस्त्रक्रिया लागू शकते. गळती पुठ्ठा धरून शोधावी, आणि ऑइल लागलंच तर दुखायची वाट न पाहता हॉस्पिटल गाठून डॉक्टरांना ‘दाबाचं ऑइल आत गेलंय’ असं स्पष्ट सांगावं.