कुत्र्याचे पोट फुगते तेव्हा...

संध्याकाळी मंडळी दूरचित्रवाणीसमोर बसलेली असतात आणि खोलीत अचानक दुर्गंधी पसरते. सगळ्यांच्या नजरा कोपऱ्यात पहुडलेल्या कुत्र्याकडे वळतात, थोडी हसाहशी होते, कोणी पंखा वाढवतो आणि विषय तेथेच संपतो. बहुतेक वेळा तो संपण्यास हरकतही नसते. मात्र ‘गॅस झाला असेल’ म्हणून जे सोडून दिले जाते, ते क्वचित अगदी निराळे असते आणि तेव्हा हाताशी मोजकेच तास उरतात.

कुत्र्याच्या पोटात वायू दोन मार्गांनी साठतो. पहिला मार्ग गिळलेल्या हवेचा. अन्न न चावता भराभर गिळणारे कुत्रे घासाबरोबर हवाही गिळते. लॅब्रेडॉर तर या अधाशीपणासाठी प्रसिद्धच आहे. पग, बुलडॉग, बॉक्सर अशा चपट्या नाकाच्या जातींना श्वास घेण्यासच कष्ट पडतात, त्यामुळे त्यांच्या पोटात हवा अधिक जाते. दुसरा मार्ग मोठ्या आतड्यातला. न पचलेले अन्न तेथे पोहोचले की जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काही वेळा मिथेन तयार होतो. या वायूंना वास नसतो. दुर्गंधी येते ती हायड्रोजन सल्फाइडसारख्या अत्यल्प प्रमाणातील गंधकयुक्त वायूंमुळे.

मराठी घरांत कुत्र्याचे जेवण म्हणजे दूध-पोळी, हे समीकरण अजूनही मोडलेले नाही. पोळी किंवा भाताला दोष देण्याचे कारण नाही. माणसाच्या सहवासात कुत्र्याने पिष्टमय पदार्थ पचविण्याची क्षमता कमावली आहे. लांडग्याच्या तुलनेत त्याच्याकडे त्यासाठीच्या जनुकाच्या कितीतरी अधिक प्रती असतात, हे २०१३ साली स्वीडनमधील संशोधकांनी दाखवून दिले. अडचण दुधाची आहे. पिल्लू मोठे होते तसे दुधातील शर्करा पचविणारे विकर कमी होत जाते. ती शर्करा तशीच आतड्यात उतरते आणि वायू, जुलाब सुरू होतात. वाटाणे, हरभरा, कोबी यांचेही तेच. सणासुदीला प्रेमाने भरवलेली पुरणपोळी हरभऱ्याची डाळ आणि तूप दोन्ही पोटात ढकलते. उरलेल्या रश्शाचा प्रश्न वायूपुरता मर्यादित नाही, कारण त्यातील कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट करू शकतात.

उपाय साधे आहेत. दिवसाचे जेवण एकदाच न देता दोन-तीन वेळा विभागून द्यावे. हावरट कुत्र्याला वाडग्याऐवजी परातीत अन्न पसरून वाढले तरी त्याचा वेग मंदावतो. पिशवीतले खाद्य बदलायचे असल्यास जुन्यात नवे मिसळत सात ते दहा दिवस घ्यावेत. एका रात्रीत केलेला बदल हे पोट बिघडण्याचे नेहमीचे कारण आहे. किरकोळ बिघाडात एक-दोन दिवस मीठ-मसाल्याविना शिजवलेला मऊ भात आणि कोंबडीचे बिनहाडाचे मांस थोडे थोडे द्यावे, पाणी मुबलक ठेवावे.

आता त्या निराळ्या प्रकाराविषयी. ग्रेट डेन, आल्सेशियन, डॉबरमन, सेंट बर्नार्ड अशा खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत जठर वायूने फुगून स्वतःभोवती पीळ घेते. दोन्ही तोंडे आवळली गेल्याने वायू ढेकरेवाटे वा पुढे आतड्यात जाऊ शकत नाही. फुगलेले जठर मोठ्या रक्तवाहिनीवर दाब देते, हृदयाकडे परतणारे रक्त घटते आणि कुत्रे काही तासांत दगावू शकते. लक्षणे ठळक असतात. उलटीचे उमासे वारंवार येतात, पण फेस आणि लाळेखेरीज काही पडत नाही. पोट ताणलेले लागते, हिरड्या फिकट पडतात, कुत्रे एका जागी बसत नाही. साध्या वायूत कुत्रे खाते, खेळते, शेपटी हलवते. येथे ते दिसत नाही.

घरगुती औषधांचा मोह या वेळी सर्वांत घातक. फसफसणारे चूर्ण पोटात आणखी वायू सोडते. पोट दुखते म्हणून माणसांची वेदनाशामक गोळी देणे तर अधिकच वाईट. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉल यकृतावर आघात करते. ओवा-हिंगाच्या पाण्याने तसे विष भिनत नसेल, पण वेळ जातो. पीळ पडलेल्या जठरातील वायू पशुवैद्यकालाच काढावा लागतो आणि नंतर शस्त्रक्रियेविना पर्याय नसतो. रात्री कोणते पशुरुग्णालय उघडे असते, याची चौकशी म्हणूनच आधी करून ठेवलेली बरी.

लसीकरण पूर्ण न झालेल्या पिल्लाला उलट्या आणि रक्तमिश्रित जुलाब झाले, तर तो पार्व्होचा संसर्ग असू शकतो. तेथेही भात भरवत वाट पाहण्यात अर्थ नाही. खोल छातीच्या जातींसाठी आणखी एक सोय आहे. जठर पोटाच्या भित्तीला टाके घालून स्थिर करण्याची शस्त्रक्रिया नसबंदीच्या वेळीच उरकता येते. त्यानंतरही जठर फुगू शकते, मात्र पीळ पडण्याची शक्यता फार कमी होते. कुत्र्याच्या आईबापांना किंवा भावंडांना हा त्रास झाला असेल, तर पशुवैद्यकाला ते आवर्जून सांगावे.