'फ्री'चा आकडा आणि बाटलीतला ऐवज

नेलपॉलिशच्या बाटलीवर हल्ली रंगाच्या नावापेक्षा ठळक अक्षरांत एक आकडा छापलेला असतो. '५ फ्री', '१० फ्री', कुठे त्याहूनही मोठा. अर्थ एवढाच, की घातक समजली जाणारी तितकी द्रव्यं या बाटलीत नाहीत. सुरुवातीला यादीत तीनच नावं होती : टोल्युइन, फॉर्मल्डिहाइड आणि डायब्युटाइल थॅलेट. मग कंपन्यांत चढाओढ लागली आणि आकडा फुगत गेला. आता काही याद्यांत ग्लुटेन आणि प्राणिजन्य पदार्थही मोजलेले दिसतात. नखाला लावायच्या रंगात गव्हाचं प्रथिन नाही याचं कौतुक कुणाला वाटावं, हे कळायला मार्ग नाही. गिऱ्हाइकाचा समज मात्र पक्का झाला आहे, की आकडा मोठा म्हणजे बाटली निर्धोक. हा समज मला चुकीचा वाटतो. नेलपॉलिशमधलं जवळजवळ प्रत्येक द्रव्य एकेका कामावर नेमलेलं असतं. एकाला काढलं तरी काम शिल्लक राहतंच आणि त्यावर दुसऱ्या कुणाची तरी नेमणूक करावी लागते. म्हणून काय वगळलं याची यादी वाचण्यापेक्षा, त्या जागी कोण आलं हे विचारणं जास्त उपयोगाचं आहे.

त्यासाठी ही कामं कोणती ते पाहायला हवं. नखावर राहणारी चकचकीत फिल्म बहुतेक वेळा नायट्रोसेल्युलोजची असते. कापसातल्या किंवा लाकडातल्या सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केली की हा पदार्थ मिळतो. त्यात नायट्रोजनचं प्रमाण जास्त ठेवलं तर ती बंदुकीची दारू होते, कमी ठेवलं तर रंगासाठी लागणारी फिल्म. जुन्या सिनेमाच्या फिल्मही याच्याच असत; पुण्यात २००३च्या जानेवारीत आग लागून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा नायट्रेट फिल्मचा मोठा साठा गेला, तो हाच ज्वालाग्राही पदार्थ. १९२०च्या दशकात अमेरिकेत मोटारींसाठी नायट्रोसेल्युलोजचे झटपट वाळणारे रंग आले आणि नखांच्या रंगाने ते तंत्र उचललं. हा पदार्थ इथाइल अॅसिटेट आणि ब्युटाइल अॅसिटेट या द्रावकांत विरघळवलेला असतो. बाटलीतला निम्म्याहून बराच जास्त भाग या द्रावकांचाच. ब्रशने थर दिला की पाण्यातला डिंक सुकावा तसे ते उडून जातात आणि मागे फिल्म उरते. इथाइल अॅसिटेट लवकर उडतं, ब्युटाइल अॅसिटेट जरा रेंगाळतं. दोघांचं प्रमाण असं ठेवतात, की ब्रशचे ओरखडे सपाट व्हायला वेळ मिळावा, पण बोटं तासभर पसरून बसावं लागू नये. रंगद्रव्य तळाशी बसून घट्ट होऊ नये म्हणून एका खास प्रक्रिया केलेल्या चिकणमातीचा अंश घालतात. बाटली स्थिर असताना ही माती मिश्रणाला दाटपणा देते, हलवली की ते पातळ होतं. काही बाटल्यांत खुळखुळणारे छर्रे असतात, ते ढवळण्यापुरते.

नुसतं नायट्रोसेल्युलोज मात्र ठिसूळ असतं आणि नखाला नीट धरतही नाही. चकाकी आणि पकड यांसाठी एक राळ लागते, आणि नख वाकलं तरी थर तडकू नये म्हणून त्याला मऊ ठेवणारं एक द्रव्य, म्हणजे प्लॅस्टिसायझर. बदल्यांचा सगळा खेळ या दोन जागांवर झाला आहे. प्लॅस्टिसायझरच्या जागेवर सगळ्यात जुना म्हणजे कापूर. नायट्रोसेल्युलोजमध्ये कापूर घालूनच सेल्युलॉइड तयार झालं. आरतीच्या तबकातला हा कापूर अनेक '५ फ्री' याद्यांत घातक म्हणून वगळलेला असतो. पोटात गेला तर कापूर विषारी हे खरंच, लहान मुलांना तर फारच. पण नखावरच्या थरातला अंश वेगळा आणि गिळलेली वडी वेगळी, हा भेद 'फ्री'च्या आकड्यात कुठेच दिसत नाही. कापराच्या जोडीला पुढे डायब्युटाइल थॅलेट आलं आणि कित्येक वर्षं टिकलं. उंदरांवरच्या प्रयोगांत ते गर्भातल्या नरपिलांच्या वाढीत बिघाड करतं असं दिसल्यावर युरोपीय संघाने २००४ साली सौंदर्यप्रसाधनांत त्याला बंदी घातली आणि कंपन्यांनीही ते काढायला सुरुवात केली. त्या खुर्चीवर बऱ्याच ठिकाणी ट्रायफिनाइल फॉस्फेट येऊन बसलं. हे द्रव्य प्लॅस्टिकला मऊ करण्यासाठी आणि फर्निचरच्या फोमला आग लागू नये म्हणूनही वापरतात. शरीरातल्या हार्मोनच्या कामात ते ढवळाढवळ करत असावं, अशी शंका प्रयोगांतून पुढे आली आहे.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने एका पर्यावरण संस्थेबरोबर केलेला अभ्यास २०१५ साली पुढे आला. त्यात दहा नेलपॉलिश तपासल्या तेव्हा आठांत हे द्रव्य सापडलं, आणि त्यातल्या दोनांच्या लेबलवर त्याचं नावच नव्हतं. मग २६ स्त्रियांच्या लघवीची तपासणी केली. नखं रंगवल्यावर दहा ते चौदा तासांनी या द्रव्यापासून शरीरात बनणाऱ्या पदार्थाचं प्रमाण आधीच्या जवळजवळ सातपट झालं होतं. हातमोजे घालून, वरून कृत्रिम नखं चिकटवून त्यांवर पॉलिश लावली तेव्हा अशी वाढ दिसली नाही. म्हणजे वाट श्वासातून कमी आणि कातडीतून जास्त असणार. नंतर २०१८ साली हार्वर्डच्या संशोधकांनी १२ ब्रँडच्या ४० नेलपॉलिश तपासल्या. 'फ्री'च्या एकाच आकड्याखाली वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळी द्रव्यं मोजतात, आणि वगळलेल्याच्या जागी त्याच कुळातलं दुसरं द्रव्य येतं, हे त्यांना आढळलं. त्याआधी, २०१२ साली, कॅलिफोर्निया सरकारच्या खात्याने पार्लरमध्ये वापरायची उत्पादनं तपासली होती. 'टोल्युइन नाही' असं सांगणाऱ्या बारांपैकी दहांत टोल्युइन निघालं. तेव्हा आकडा काय सांगतो हा पुढचा प्रश्न. तो खरा असतो का, इथेच पहिली अडचण आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो : नख हा मेलेला भाग, त्यातून काय आत जाणार? नख स्वतः फारसं शोषून घेत नाही, हे बरोबर. पण ब्रश कडेच्या कातडीला लागतोच, आणि कृत्रिम नखांचा प्रयोग नेमकं तेच सांगतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. लघवीत अंश सापडला म्हणजे इजा झाली असं नव्हे, आणि पंधरवड्यातून एकदा पॉलिश लावणारीच्या अंगात जाणारी मात्रा अगदी थोडी असते. हे मला मान्य आहे. सणासुदीला नखं रंगवणाऱ्या बाईने या लेखामुळे धास्तावण्याचं काही कारण नाही. पण याच मात्रेच्या हिशेबाने टेबलाच्या पलीकडे बसलेल्या मुलीकडे पाहा. ती दिवसभर एका हातानंतर दुसरा हात घेते, एसीसाठी खिडक्या बंद ठेवलेल्या खोलीत. ग्राहकाला लागू पडणारा दिलासा तिला लागू पडत नाही. 'फ्री'ची जाहिरात ग्राहकाशी बोलते. पार्लरमधल्या कामगाराचं बरंचसं भवितव्य मात्र हवा खेळती आहे का आणि हातात मोजे आहेत का, यावर ठरतं.

मग वास आला की घातक, अशी सोपी कसोटी लावता येईल का? नाही. डोकं धरायला लावणारा वास मुख्यतः अॅसिटेटचा असतो, आणि इथाइल अॅसिटेट पिकलेल्या फळांतही थोडं असतं. कोंदट खोलीत त्याच्या वाफेने डोळे चुरचुरतात, डोकं दुखतं, आणि ज्योतीजवळ ही बाटली उघडणं हा शुद्ध वेडेपणा. पण शरीरात साठत राहील अशी त्याची ख्याती नाही. उलट ज्या ट्रायफिनाइल फॉस्फेटची चर्चा वर केली, त्याचा वास जवळजवळ येतच नाही. 'वनस्पतीजन्य' या शब्दालाही असाच फाजील मान मिळतो. उसाच्या मळीतून निघणाऱ्या अल्कोहोलपासून इथाइल अॅसिटेट बनतं आणि पेट्रोरसायनांपासूनही बनतं. बाटलीत उतरल्यावर दोन्हींचा रेणू एकच. पाण्यावर आधारलेल्या पॉलिश हा खरोखर वेगळा पर्याय आहे, विशेषतः लहान मुलींसाठी. त्यांची फिल्म मऊ असते आणि लवकर सुटते, ही त्याची किंमत.

जेल पॉलिशचं प्रकरण आणखी निराळं. ती वाळत नाही, दिव्याच्या अतिनील प्रकाशात तिचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन थर कडक होतो. हे रेणू मेथॅक्रिलेट कुळातले. पूर्ण जोडले गेले की निरुपद्रवी, पण अर्धवट राहून कातडीला लागले की अॅलर्जी देण्यात पटाईत. एकदा ही अॅलर्जी जडली की ती सहसा जात नाही, आणि दातांच्या उपचारांत किंवा सांधा बदलताना वापरायच्या सिमेंटमध्ये याच जातीची द्रव्यं असल्याने पुढे तिथेही अडचण येऊ शकते. घरी स्वस्त दिवा आणून केलेल्या प्रयोगांत हा धोका जास्त, कारण पॉलिश एका जातीची आणि दिवा दुसऱ्या ताकदीचा असतो. प्रकाशात ही प्रक्रिया सुरू करून देणाऱ्या टीपीओ या द्रव्यावर युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५पासून बंदी घातली. त्याच्या जागी दुसरं काहीतरी येतंच आहे, आणि '२० फ्री'च्या आकड्यात ते नवं नाव अर्थातच नसणार.

आपल्याकडची पंचाईत अशी, की वाचायचं ठरवलं तरी मजकूर मिळेलच याची खात्री नाही. सौंदर्यप्रसाधनांच्या भारतीय नियमांत घटकांची यादी उतरत्या प्रमाणात छापणं बंधनकारक आहे, एक टक्का आणि त्याहून कमी असलेले घटक शेवटी कोणत्याही क्रमाने. पण ६० मिलिलिटरपेक्षा लहान द्रव बाटलीला यातून सूट आहे, आणि नेलपॉलिशची बाटली साधारण पाच ते पंधरा मिलिलिटरची असते. बऱ्याच कंपन्या तरीही खोक्यावर किंवा वेबसाइटवर यादी देतात. ती असेल तर सुरुवातीला द्रावक आणि नायट्रोसेल्युलोज दिसतील, मग राळ आणि प्लॅस्टिसायझर. डोळे थांबवायचे ते इथे. अॅसिटाइल ट्रायब्युटाइल सायट्रेट दिसलं तर सध्याच्या माहितीप्रमाणे ते बऱ्यापैकी सौम्य. ट्रायफिनाइल फॉस्फेट दिसलं तर दुसरी बाटली उचलायला हरकत नाही. आणि राळेच्या जागी टोसिलामाइड-फॉर्मल्डिहाइड रेझिन असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिची अॅलर्जी बोटांवर क्वचितच दिसते, कारण तिथली कातडी जाड. नखं वरचेवर लागतात त्या पापण्यांवर आणि मानेवर ती उठते, आणि डोळ्यांना काय झालं म्हणून काजळ, साबण, शाम्पू सगळं बदलून होतं. पापणी अशी पुन्हापुन्हा लाल होऊन खाजत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जाताना काजळाच्या डबीबरोबर नेलपॉलिशची बाटलीही खोक्यासकट न्यावी.