जुन्या लाकडी होडीची निगा

कोकण किनाऱ्यावर वैशाख सरत आला की होड्या वाळूवर ओढल्या जातात. यांत्रिक नौकांना १ जूनपासून मासेमारीबंदी असते. लहान वल्ह्याच्या होड्याही उधाणामुळे बहुधा वरच राहतात. होडी पाण्याबाहेर आली म्हणजे ती सुरक्षित झाली, असा समज सर्वत्र आढळतो. तो खरा नाही. अनेक जुन्या होड्या समुद्रात नव्हे, किनाऱ्यावरच संपतात.

लाकडाचे शत्रू दोन आहेत आणि त्यांचे स्वभाव परस्परविरुद्ध आहेत. पहिला खाऱ्या पाण्यातील पोखरणारा जीव. किडा म्हणून ओळखला जात असला तरी तो शिंपल्याच्या जातीचा आहे. टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रातून तो लहानपणीच फळीत शिरतो व आत वाढत राहतो. बाहेरून फळी धडधाकट दिसते आणि आतून तिची चाळण झालेली असते. होडी चार दिवस उन्हात ठेवून तो मरत नाही. छिद्राचे तोंड बंद करून तो बरेच दिवस तग धरतो. मात्र संपूर्ण पावसाळाभर कोरड्यात राहिलेल्या लाकडात तो टिकत नाही. दुसरा शत्रू कुजविणारी बुरशी. तिला खारे पाणी मानवत नाही, गोडे पाणी मानवते. पावसाचे पाणी होडीत साचले की बुडाच्या कोपऱ्यांत व फळ्यांच्या सांध्यांत तिचे काम सुरू होते. पहिल्यापासून वाचविण्यासाठी होडी वर घ्यावी आणि दुसऱ्याच्या हाती द्यावी, असे होऊ नये.

म्हणून होडी वर घेताच, बूड ओले असतानाच, त्यावरील शेवाळ व खरबरीत कवचे खरवडून काढावीत. वाळल्यावर ती निघणे कठीण जाते. आतील शेवटचे धुणे समुद्राच्या पाण्याने करावे. होडी वाळूवर न टेकविता लाकडी ओंडक्यांवर किंचित कलती ठेवावी आणि बुडाचे बूच काढून टाकावे. झावळ्यांनी शाकारताना दोन्ही टोके वाऱ्यासाठी मोकळी सोडावीत. हल्ली प्लॅस्टिकचा कागद घट्ट गुंडाळण्याची पद्धत पडली आहे. त्याखाली दमट हवा कोंडते व झाकण नसण्याइतकेच नुकसान होते. जुन्या फळ्यांवर काचतंतूचा थर चढविण्याबाबतही हेच म्हणता येईल. लाकूड ओलसर असताना थर दिल्यास ते आतल्या आत कुजते.

पाऊस ओसरू लागला की तपासणी करावी. लहान हातोडीने प्रत्येक फळी ठोकावी. निरोगी लाकूड खणखणते, सडलेले बद्द वाजते. संशय आल्यास टोचणी लावून पाहावी. खिळ्यांभोवती काळे, मऊ वर्तुळ दिसल्यास लोखंड गंजून लाकूड खात आहे असे समजावे व जस्ताचा मुलामा असलेला खिळा घालावा. लोखंडी व तांब्याचे खिळे जवळजवळ वापरू नयेत. खाऱ्या पाण्यात लोखंड लवकर झिजते. बदलायची फळी सागाची असेल तर गाभ्याची घ्यावी. बाहेरच्या फिकट लाकडास सागाचे मोल असते, टिकाऊपणा नसतो.

सांध्यांत कापूस भरताना मात्र हात आखडता घ्यावा. कोरडी फळी आक्रसलेली असते व फट मोठी दिसते. ती ठासून भरली तर पाण्यात फुगलेल्या फळ्या एकमेकींना रेटतात आणि खिळे सुटतात. उत्साही मालकांनी बिघडविलेल्या होड्या कमी नाहीत! त्यानंतर कोरड्या लाकडास माशाचे अथवा काजूच्या टरफलांचे तेल द्यावे. काजूच्या तेलाने कातडी भाजते, म्हणून हात झाकून घ्यावेत.

नारळी पौर्णिमेच्या सुमारास होडी पाण्यात लोटल्यावर ती प्रथम गळणारच. एक-दोन दिवस उथळ पाण्यात बांधून, पाणी उपसत राहावे. फळ्या फुगल्या की गळती थांबते. न थांबल्यास तो सांधा पुन्हा उघडावा.

वयस्क होडीस खोल दर्याचे काम देऊ नये. खाडीत व किनाऱ्यालगत ती अजून पुष्कळ वर्षे सुख देते. थंडीच्या दिवसांत पहाटेच्या मतलई वाऱ्यावर शीड उभारून बाहेर पडावे आणि दुपारी खारा वारा सुटल्यावर त्याच्याच पाठबळाने परतावे. दोन वाऱ्यांच्या मधल्या निवांत वेळेसाठी वल्ही मात्र हाताशी ठेवावीत.