दहावर दोन बारा : अकरा ते एकोणीस या संख्यांविषयीचे काही गैरसमज

बालवाडीतील मूल एकपासून वीसपर्यंत न अडखळता म्हणू लागले की त्याला मोजता येते असे घरोघरी धरले जाते. वस्तुतः संख्यांची नावे क्रमाने म्हणणे आणि वस्तू मोजणे या दोन निराळ्या क्षमता आहेत. रॉशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मोजण्यामागील जी तत्त्वे मांडली, त्यांपैकी तीन येथे महत्त्वाची आहेत : नावांचा क्रम न बदलणे, प्रत्येक वस्तूला एक आणि एकच नाव देणे, आणि शेवटी उच्चारलेले नाव हे केवळ शेवटच्या वस्तूचे नसून संपूर्ण समूहाचे माप आहे हे उमगणे. तेरा चिंचोके बरोबर मोजून झाल्यावर ‘मग किती झाले?’ असे विचारताच जे मूल पुन्हा ‘एक, दोन’ अशी सुरुवात करते, ते पहिल्या दोन पायऱ्या चढले आहे, तिसरी अजून चढायची आहे. पाठांतर त्यामुळे व्यर्थ ठरत नाही, पण ते मोजण्याचा पुरावाही ठरत नाही.

दुसरा समज असा की अकरा, बारा, तेरा ही सुटी, अर्थहीन नावे असून ती पाठ करण्यापलीकडे इलाज नाही. ही नावे संस्कृतमधील एकादश, द्वादश, त्रयोदश यांपासून प्राकृतमार्गे मराठीत आली आहेत. प्राकृतात ‘दश’चा ‘रह’ झाला, आणि मराठीत त्यातील ‘ह’ गळून ‘रा’ उरला. म्हणजे बारा, तेरा, पंधरा, सतरा, अठरा यांच्या शेवटी ऐकू येणारा ‘रा’ हा झिजलेला दहाच आहे. चौदामध्ये मात्र ‘चतुर्दश’मधील जोडाक्षरामुळे ‘द’ टिकून राहिला, आणि सोळामध्ये ‘षोडश’मधील ‘ड’चा ‘ळ’ झाला. सहा वर्षांच्या मुलाला ही व्युत्पत्ती सांगण्याचे कारण नाही. परंतु शिकवणाऱ्याला ती ठाऊक असेल तर या नावांतील दहा मुलाला आपोआप ऐकू येत नाही, तो दुसऱ्या कशाने तरी दाखवावा लागतो, हे त्याच्या ध्यानात राहते.

याच व्युत्पत्तीतून तिसऱ्या गैरसमजाचे उत्तर मिळते. ‘बारा’ ऐकून मुलाने २१ लिहिले की पालक धास्तावतात आणि डिस्लेक्सियाची, म्हणजे वाचन-लेखनातील विशिष्ट अक्षमतेची, शंका घेतात. बारा या नावात दोन आधी आहे आणि दहा नंतर. लिहिताना मात्र दहाचा १ डावीकडे आधी येतो आणि २ नंतर. बोललेल्या क्रमाने लिहिणारे मूल भाषेशी प्रामाणिक असते. मराठीच्या शेजारच्या कन्नडमध्ये हे उलटे नाही : तेथे तेराला ‘हदिमूरु’ म्हणतात, ज्यात दहा आधी येऊन तीन नंतर येतात. चिनी भाषेत तर अकराला सरळ ‘दहा एक’ म्हणतात. केव्हिन मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चिनी आणि अमेरिकी बालकांच्या मोजण्यातील फरक दहाच्या आत नव्हे, तर दहाच्या पुढे दिसू लागल्याचे आढळले. अंकांची अदलाबदल आणि एकेका अंकाचे उलटे वळण या चुकाही वेगळ्या मानायला हव्यात. देवनागरीतील ३ आणि ६ ही जवळजवळ आरशातील प्रतिबिंबे असल्याने १३ आणि १६ यांची गल्लत होते, आणि १ व ९ यांची वळणे जवळची असल्याने ११ आणि १९ यांची. ज्या मुलांपुढे देवनागरी आणि इंग्रजी असे दोन्ही अंक असतात, त्यांना देवनागरी एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो, ही आणखी भर. पाच ते सात या वयात हे सर्रास घडते. पुढच्या इयत्तांतही ते टिकले आणि वाचनात किंवा हिशेबात इतरही अडचणी दिसल्या, तरच तज्ज्ञाचा सल्ला घेणे योग्य.

आता ‘एकावर एक अकरा, एकावर दोन बारा’ या पिढ्यान्‌पिढ्यांच्या घोकणीकडे वळता येईल, कारण तिच्यामुळे स्थानिक किंमत, म्हणजे अंकाला त्याच्या जागेमुळे मिळणारे मूल्य, कळते असा समज आहे. या घोकणीचा एक गुण निर्विवाद आहे : ती अंक डावीकडून उजवीकडे वाचते, त्यामुळे २१ आणि १२ यांची अदलाबदल कमी होते. परंतु पहिला ‘एक’ हा दहा आहे, हे ती कोठेही सांगत नाही. ती पाटीवरील चिन्हांचे वर्णन करते, संख्येचे नव्हे. म्हणून वर्षभर ‘एकावर दोन बारा’ म्हटलेले मूलही बारातल्या एकासाठी एकच काडी पुढे करू शकते. उपाय मराठीनेच देऊन ठेवला आहे. ‘शंभरावर पाच रुपये’ म्हणताना ‘वर’चा अर्थ ‘त्याहून अधिक’ असा होतो, आणि त्याच चालीने ‘दहावर दोन बारा’ म्हटले की घोकणीची लय राहते आणि अर्थही जागेवर येतो. असे म्हणताना हातात दहा काड्यांचा रबर लावलेला जुडगा आणि दोन सुट्या काड्या असाव्यात, म्हणजे नाव, वस्तू आणि लेखन या तीन गोष्टी एकत्र बांधल्या जातात.

या टप्प्यावर एक नवी चूक उद्भवते आणि ती पाहून शिक्षक हिरमुसतात : मूल पंधरासाठी १०५ लिहू लागते. ही पीछेहाट नाही. मुलाने दहा आणि पाच हे दोन्ही ओळखले आहेत, फक्त दहातील शून्याची जागा पाचाने घ्यायची असते हा लेखनाचा संकेत त्याला माहीत नाही. हाच संकेत दाखवण्यासाठी माँटेसोरी पद्धतीत एक फळी वापरली जाते, जी एदुआर सेगँ या एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच वैद्याच्या नावाने ओळखली जाते. तिच्यावर १० हा आकडा एकाखाली एक नऊ वेळा असतो आणि प्रत्येक दहातील शून्यावर १ ते ९ चे पत्ते सरकवले जातात. पाचाचा पत्ता शून्य झाकतो, पण शून्य खाली आहेच. फळी नसेल तर जाड पुठ्ठ्याचे पत्तेही तेच काम करतात.

इंग्रजीत हे सगळे सोपे आहे, हा समज थोडक्यात निकालात काढता येतो. ‘इलेव्हन’ आणि ‘ट्वेल्व्ह’ यांचे मूळ अर्थ ‘एक उरला’ आणि ‘दोन उरले’ असे आहेत आणि ते आज कोणालाच ऐकू येत नाहीत, ‘फोर्टीन’मध्ये मराठीप्रमाणेच चार आधी येतात, शिवाय ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ यांचा गोंधळ वेगळाच. इंग्रजी वाट विसाच्या पुढे सरळ होते, अकरा ते एकोणीसमध्ये नव्हे.

बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून २०१९ साली झालेल्या वादाचाही येथे संबंध आहे. एकवीसला ‘वीस एक’ म्हणण्याची त्या पुस्तकातील पद्धत २१ ते ९९ या संख्यांसाठी होती. अकरा-बाराला हात लावलेला नव्हता. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी दिलेली कारणे, म्हणजे नावांतील जोडाक्षरे आणि उलटा क्रम, भाषिक दृष्ट्या वाजवी होती, मग नवी नावे कानाला कितीही खटकोत.

शाळेत जाण्यापूर्वीच शंभरपर्यंत लिहिता आले पाहिजे, या आग्रहालाही आधार नाही. केंद्र शासनाच्या २०२१ मधील निपुण भारत अभियानाने बालवाटिकेसाठी १० पर्यंतचे अंक ओळखण्याचे आणि पहिलीसाठी ९९ पर्यंतच्या संख्या वाचण्या-लिहिण्याचे लक्ष्य ठेवले आहे, म्हणजे अकरा ते एकोणीस या संख्यांची खरी जागा पहिलीत आहे.

शेवटी एकोणीस. अठरानंतर येतो म्हणून तो अठरानंतर शिकवायचा, हे इतके उघड वाटते की त्याचा विचारच होत नाही. सतरा-अठराच्या चालीवर एखाद्या मुलाने एकोणीससाठी ‘नवरा’ म्हटले तर घरात हशा पिकेल, पण त्याचे तर्कशास्त्र चोख आहे. संस्कृतातही ‘नवदश’ होताच. मराठीने मात्र ‘एकोनविंशति’ हे दुसरे रूप उचलले, ज्यात ऊन म्हणजे कमी : एकाने कमी वीस. ज्याला वीस अजून भेटलेलाच नाही, त्याला हे नाव उमगणे अशक्य, आणि सुरुवातीचा ‘एक’ व शेवटचा वीसचा भास यांमुळे तो एकवीस समजला जाण्याची भीती अधिक. म्हणून म्हणण्याचा क्रम तोच ठेवावा, पण अर्थ उलगडताना आधी वीस घ्यावा : दोन जुडगे ठेवावेत, एकाचा रबर काढून त्यातील एक काडी मुलाकडूनच उचलून घ्यावी, आणि एक जुडगा व नऊ सुट्या काड्या समोर उरल्यावर १९ लिहायला सांगावे.