गंगाजळीतील चलने : प्रभुत्व आणि विश्वास
मध्यवर्ती बँका अडचणीच्या काळासाठी परकीय चलनाचा जो साठा राखून ठेवतात, त्यास मराठीत ‘गंगाजळी’ हा समर्पक शब्द रूढ आहे. ही गंगाजळी कोणत्या चलनात ठेवावी, हा प्रश्न केवळ हिशेबाचा नव्हे. तो विश्वासाचा आणि सत्तेचाही आहे.

अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स किंडलबर्गर यांनी १९६७ साली डॉलरची तुलना इंग्रजी भाषेशी केली. इतर वापरतात म्हणून आपणही वापरावयाचे, या न्यायाने भाषा आणि चलन दोन्ही पसरतात. आणि मूळ सामर्थ्य ओसरल्यावरही सवयीच्या बळावर टिकून राहतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेचे उत्पादन ब्रिटनच्या पुढे गेले. तथापि स्टर्लिंगचे महत्त्व दुसऱ्या महायुद्धानंतरही काही काळ टिकले. १९४९ व १९६७ च्या अवमूल्यनांनी ते ढासळत गेले. डॉलरचा सोन्याशी असलेला संबंध १९७१ साली तुटला, तरी डॉलरचे स्थान कायम राहिले.

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या आकडेवारीप्रमाणे १९९९ साली जगाच्या परकीय चलनसाठ्यात डॉलरचा वाटा सुमारे ७१ टक्के होता. २०२४ च्या अखेरीस तो सुमारे ५८ टक्क्यांवर आला. मात्र या घटीचा एकच कोणी वारस नाही. युरोचा वाटा २० टक्क्यांच्या आसपास, तर युआनचा २ टक्क्यांच्या आसपास आहे. कॅनडा, ऑस्ट्रेलिया आदी देशांच्या चलनांकडे बराच भाग गेला. शिवाय २०२२ ते २०२४ या काळात मध्यवर्ती बँकांनी दरवर्षी हजार टनांहून अधिक सोने विकत घेतले.

सोन्याच्या या ओढीमागील एक प्रमुख कारण राजकीय होय. २०२२ साली युक्रेनवरील आक्रमणानंतर पाश्चात्त्य राष्ट्रांनी रशियाची सुमारे ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी गोठविली. धनकोची ठेव ऋणकोच्या हाती असते, हा अनुभव भारताला नवा नव्हता. महायुद्धात लंडनमध्ये साठलेली भारताची स्टर्लिंग शिल्लक त्याला एकदम वापरता आली नाही. ऑगस्ट १९४७ पासून निरनिराळ्या करारांनुसार ती थोडीथोडी मोकळी झाली. दोन्ही प्रसंगांची कारणे भिन्न असली, तरी तत्त्व एकच.

तात्पर्य, प्रभुत्व पावलेले चलन सवयीने टिकते. परंतु गंगाजळीचा खरा आधार, ती हवी तेव्हा हाती येईल हा विश्वास होय. तो डळमळला की सवयही हळूहळू बदलू लागते.