हळद, कोंबडी आणि वैशाखातलं ऊन

धामणगाव रेल्वे परिसरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे सरकला की पोल्ट्री शेडमधल्या कोंबड्या चोच उघडून धापा टाकतात. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात आणि तिच्या शरीराचं तापमान एरवीही ४१ अंशांच्या आसपास असतं. उष्णता बाहेर पडली नाही की पेशींमध्ये फ्री रॅडिकल्स, म्हणजे ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू, वाढतात आणि पेशीचं आवरण, प्रथिनं, डीएनए यांना इजा करतात. हाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस.

हळदीतलं करक्युमिन किंवा चहातली कॅटेचिन्स यांसारखी वनस्पतीजन्य द्रव्यं प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये ही इजा कमी करू शकतात. मग वायगावच्या हळदीच्या कॅप्सूल घ्याव्यात का? इथं जरा थांबा. बशीतल्या पेशीला द्रव्य थेट मिळतं. पोटात गेलेलं करक्युमिन रक्तात फार थोडं पोहोचतं.

शिवाय ‘जास्त तेवढं चांगलं’ हेही खरं नाही. फिनलंडमध्ये सुमारे २९ हजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा बीटा कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्के अधिक आढळला.

म्हणून कोंबड्यांना आधी सावली, खेळती हवा आणि गार पाणी द्या. खाद्यात काही मिसळायचं ते पशुवैद्यकांना विचारूनच. आपल्यासाठी ताटातली हळद, आवळा, पालेभाजी पुरे. आणि उन्हातून आलेला माणूस बरळू लागला, अंग भाजू लागलं, तर घरगुती काढा करत बसू नका. अंग ओलं करा, वारा घाला आणि तातडीनं दवाखाना गाठा.