शेततळ्यातील शेवाळ नियंत्रण

शेततळ्यातील शेवाळ नियंत्रण म्हणजे शेततळ्यात किंवा अंगणातील मत्स्यकुंडात वाढणारे शेवाळ मासे, पिके व जनावरे यांना अपायकारक ठरणार नाही इतक्या मर्यादेत ठेवण्याचे उपाय होत. शेवाळाचा समूळ नाश करणे हा या उपायांचा हेतू नसतो. सूक्ष्म शेवाळ हे माशांच्या अन्नसाखळीचा पाया असून दिवसा पाण्यात मिसळणाऱ्या ऑक्सिजनचा मोठा वाटाही त्याच्यापासूनच येतो. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) सारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात या विषयाला विशेष महत्त्व आहे, कारण येथे एकाच तळ्याचे पाणी फळबागेला, माशांना आणि अनेकदा जनावरांनाही पुरवावे लागते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' ही योजना सुरू केली. तीत ३० × ३० × ३ मीटर हे सर्वांत मोठे आकारमान होते. बाजूंना १:१ असा उतार धरल्यास अशा तळ्यात काठोकाठ सुमारे २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळजवळ २२ लाख लिटर पाणी मावते. पाणी मुरून जाऊ नये म्हणून अनेक तळ्यांना प्लास्टिकचे अस्तर घालतात. अशा तळ्यात पाण्याला वाहता मार्ग नसतो. आत आलेले नत्र व स्फुरद आतच राहते, आणि उन्हाळ्यात पाणी आटू लागले की त्यांची तीव्रता वाढते. त्यात स्वच्छ ऊन व उथळ, कोमट पाणी यांची भर पडते. शेवाळाला याहून अधिक काही लागत नाही.

प्रकार

व्यवहारात तीन प्रकार ओळखता येणे पुरेसे आहे. पहिला प्रकार पाण्यात विखुरलेल्या सूक्ष्म शेवाळाचा; त्यामुळे पाणी हिरवे दिसते. दुसरा तंतुमय शेवाळाचा. स्पायरोगायरा, क्लॅडोफोरा आदी वंशांतील हे शेवाळ ओल्या लोकरीसारखे गुंतत जाते व पुढे त्याची गोधडी पाण्यावर तरंगू लागते. तिसऱ्या प्रकारास नील-हरित शेवाळ म्हणतात, परंतु ते वस्तुतः जिवाणूंच्या गटात मोडते. मायक्रोसिस्टिससारख्या त्याच्या काही जाती विषारी द्रव्ये निर्माण करतात. ओळखण्याची साधी रीत अशी : पाण्यात काठी फिरवून उचलावी. तंतुमय शेवाळ काठीला गुंडाळून वर येते, तर नील-हरित शेवाळ रंगासारखे ओघळून जाते. असा हिरवा रंग सांडल्यासारखी साय दिसल्यास ते पाणी जनावरांना पाजू नये.

पहाटेचा धोका

शेवाळामुळे मासे मरतात ते बहुधा पहाटे. दिवसा प्रकाशसंश्लेषणामुळे पाण्यातील ऑक्सिजन वाढतो. रात्री मात्र मासे, शेवाळ आणि तळाचा गाळ हे सर्व तोच ऑक्सिजन वापरतात. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्रति लिटर ऑक्सिजन विरघळू शकतो, ३० अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो. म्हणजे उन्हाळ्यात साठा आधीच कमी आणि खर्च अधिक. सलग ढगाळ दिवसांत दिवसाची भरपाईही होत नाही. मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागले की खाद्य बंद करून पंपाने तळ्याचेच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखे तळ्यात सोडावे. दुपारी याच्या उलट प्रकार घडतो. दाट शेवाळ पाण्यातील कर्बवायू शोषून घेते, सामू ९ च्या वर जातो आणि पाण्यातील अमोनिया माशांना अधिक विषारी ठरतो.

मूळ कारणावरील उपाय

शेवाळ काढून टाकले आणि खत तसेच येत राहिले, तर काही आठवड्यांत ते पुन्हा वाढते. म्हणून पहिल्या पावसाचा शेतातून वाहून आलेला गढूळ लोंढा तळ्यात घेऊ नये. ठिबक संचातून खत देण्याची टाकी तळ्यापासून दूर असावी. माशांनी न खाल्लेले खाद्य हा दुर्लक्षित परंतु मोठा स्रोत आहे. तळ्यातील पाणी बागेला देत राहणे हा पोषकद्रव्ये बाहेर काढण्याचा सर्वांत उपयुक्त मार्ग होय. त्यातील नत्र पिकाच्याच कामी येते. पंपाची चूषण नळी तरंगत्या डब्याला बांधून पृष्ठभागाखाली सुमारे अर्धा मीटर ठेवल्यास वरची साय व खालचा गाळ दोन्ही टळतात आणि ठिबकचे गाळणी संच कमी तुंबतात.

पाणी किती हिरवे असावे याचा अंदाज हाताने घेता येतो. कोपरापर्यंत हात बुडवला असता तळवा अंधुक दिसावा. मनगटापर्यंतच बुडवून तो दिसेनासा होत असेल तर खाद्य थांबवावे.

हाताने काढणे आणि मासे

तंतुमय शेवाळासाठी हाताने काढणे हा सर्वांत निर्धोक उपाय आहे. लांब बांबू किंवा जाळे वापरावे. लोखंडी दाताळ्याने अस्तर फाटते. काढलेले शेवाळ काठावर ठेवू नये, कारण त्याचा निचरा परत तळ्यात उतरतो. ते कंपोस्ट खड्ड्यात टाकावे. अस्तरावरचे ओले शेवाळ अत्यंत निसरडे असते व पाय घसरलेल्या माणसाला उतारावर कसलाही आधार मिळत नाही. त्यामुळे गाठी मारलेला दोर व फुगवलेली ट्यूब कायम बांधून ठेवावी, आणि एकट्याने हे काम करू नये.

चंदेरा मासा सूक्ष्म शेवाळ गाळून खातो. गवत्या मासा मुख्यतः मऊ पाणवनस्पती खातो; तंतुमय शेवाळावर त्याचा भरवसा धरता येत नाही. सायप्रिनस तळ उकरतो आणि गाळातील स्फुरद पुन्हा पाण्यात मिसळतो.

मोरचुदाचा वापर

धाराशिव जिल्ह्यात द्राक्षबागा आहेत. बोर्डो मिश्रणासाठी लागणारे मोरचूद बागायतदारांच्या घरी सहज असते आणि तेच तळ्यात टाकण्याचा मोह होतो. मोरचूद शेवाळ मारते हे खरे. परंतु एकदम मेलेले शेवाळ कुजताना ऑक्सिजन संपवते, आणि तांब्याने वाचलेले मासे गुदमरून मरतात. नील-हरित शेवाळ मेले तर त्याच्या पेशींतील विष पाण्यात उतरते.

मात्रा पाण्याच्या अल्कतेवर, म्हणजे त्यातील कार्बोनेट व बायकार्बोनेटच्या प्रमाणावर ठरते. मत्स्यशेतीतील प्रचलित नियमानुसार अल्कतेच्या आकड्याला १०० ने भागल्यास मोरचुदाची मिलिग्रॅम प्रति लिटर मात्रा मिळते. अल्कता ५० पेक्षा कमी असल्यास ते वापरत नाहीत. अल्कता १५० असलेल्या वरील आकाराच्या भरलेल्या तळ्यास सुमारे ३.३ किलो मोरचूद येते. तेच तळे एक मीटर खोलीपर्यंत आटले की पाणी साधारण ६२५ घनमीटर उरते आणि मात्रा एक किलोच्या आत येते. गेल्या वर्षीच्या आठवणीने एप्रिलमध्ये ३.३ किलो टाकले, तर पाण्यातील तीव्रता साडेतीन पट होते. म्हणून दरवेळी उरलेले पाणी मोजणे, पाण्याचे परीक्षण करून घेणे आणि एका वेळी एक तृतीयांश भागापुरताच उपचार करणे आवश्यक ठरते. तांबे विघटित होत नाही, ते गाळात साठत जाते.

बार्लीचा पेंढा टाकण्याची इंग्लंडमधील रीत थंड, हवेशीर पाण्यातील आहे. तिथेही पेंढा नव्या वाढीस अटकाव करतो, असलेले शेवाळ मारत नाही. तिच्या अनुकरणाने कोमट पाण्यात ज्वारीचा कडबा टाकल्यास तो कुजून ऑक्सिजनच घटवतो.

अंगणातील कुंड

लहान कुंडात सावली सर्वाधिक परिणामकारक ठरते. कमळ किंवा कुमुदिनीच्या पानांनी निम्मा पृष्ठभाग झाकला, किंवा वर शेडनेट बांधले, तर वाढ मंदावते. अतिनील दिव्याने हिरवे पाणी निवळते, मात्र दगडांना चिकटलेल्या तंतुमय शेवाळावर त्याचा परिणाम होत नाही. कुंडातील सगळे पाणी एकदम बदलू नये; नळाच्या पाण्यातील क्लोरिन माशांच्या कल्ल्यांना इजा करते. थोडे पाणी काढून, तेवढेच एक-दोन दिवस उघड्यावर ठेवलेले पाणी घालावे.